शेतकऱ्याच्या खिशातील चाकू : निवड, धार आणि स्वच्छता

शेतीच्या अवजारांची यादी करावयास बसल्यास नांगर, वखर, पाभर, कोळपे, खुरपे, विळा, कोयता ही नावे सहज सुचतात. खिशातील चाकूचे नाव मात्र कोणी घेत नाही. वस्तुतः बागायती गावात दिवसभरात जितक्या वेळा चाकू उघडला जातो, तितक्या वेळा दुसरे अवजार क्वचितच हातात घेतले जात असेल. सुतळी कापणे, खताच्या पोत्याची शिवण उसवणे, ठिबकची नळी तोडणे, फळ चिरून आतील कीड पाहणे, कलमकाडी तासणे, दाव्याचा फास बैलाच्या गळ्याशी आवळला असता तो तत्काळ तोडणे, ही सर्व कामे त्यानेच होतात. कीटकनाशकाचे पाकीट त्यानेच फोडले जाते आणि दुपारी भाकरीबरोबरचा कांदाही त्याच पात्याने चिरला जातो.

या शेवटच्या दोन कामांकडे शेतकरी बंधूंनी विशेष लक्ष पुरवावे. कीटकनाशकाची भुकटी वा द्रव पात्यास लागल्यावर ते धोतरास किंवा विजारीस पुसून खिशात ठेवले, तर विष पात्यावर राहते, खोबणीत उतरते आणि कांद्याबरोबर पोटात जाते. तसेच रोगट झाडावर चालविलेले पाते न धुता दुसऱ्या झाडावर चालविल्यास रोग बागेत फिरतो. एकच चाकू सर्व कामांस वापरण्याची काटकसर अशा रीतीने महाग पडते. साधे तीन चाकू ठेवावेत : एक रोजच्या राबत्या कामाचा, एक केवळ कलमांचा आणि एक खाण्याच्या पदार्थांचा. मुठींना निरनिराळ्या रंगाचा दोरा गुंडाळल्यास घरातील लहानथोरांस फरक कळतो. औषधाची पाकिटे फोडण्यास मात्र यांपैकी कोणताही चाकू घेऊ नये. फवारणीच्या साहित्यात एक जुनी कात्री कायमची बांधून ठेवावी व ती तेथून हलवू नये.

चाकूची निवड

खिशात बाळगावयाचा चाकू मिटणारा असावा व त्याचे पाते ६ ते ८ सेंटिमीटर लांब असले म्हणजे पुरे. याहून लांब पाते खिशात अडचणीचे होते, आणि ज्या कामास ते लागते त्या कामास विळा किंवा कोयता अधिक बरा. विकत घेताना पाते पूर्ण उघडून टोक दोन बोटांत धरावे व हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावे. खिळ्यापाशी खडखड जाणवल्यास तो चाकू परत करावा. नंतर पाते मिटून टोक मुठीच्या खोबणीत पूर्ण बसते की नाही हे बोट फिरवून पाहावे. टोक केसभर जरी वर राहिले, तरी ते खिसा फाडते आणि पुढे मांडीसही लागते.

बाजारातील पुष्कळ चाकूंचे पाते केवळ पाठीमागच्या कमानीच्या दाबाने उघडे राहते. अशा चाकूने कापावे. टोचू वा उचकटू नये. टोकावर जोर पडताच पाते उलट मिटते आणि बोटे मध्ये सापडतात. फ्रान्समधील साव्हा या डोंगराळ प्रांतात जोझेफ ओपिनेल याने १८९० साली लाकडी मुठीचा एक साधा चाकू तयार केला. तो तेथील शेतकरी व धनगर यांच्या खिशात घर करून राहिला. त्यास १९५५ मध्ये एक फिरते कडे बसविण्यात आले. कडे फिरविले की उघडलेले पाते अडकून राहते व बोटांवर मिटत नाही. अशी कोणतीही अडकण असलेला चाकू मिळाल्यास तो पसंत करावा. मात्र अडकण सोडावयास विसरून पाते बळाने मिटविण्याचा प्रयत्न करू नये.

अनेक अवजारे एकत्र असलेले चाकूही मिळतात. स्वित्झर्लंडच्या सैनिकांसाठी १८९० च्या सुमारास जो चाकू ठरविण्यात आला, त्यात पात्याखेरीज डबा उघडण्याचे, भोक पाडण्याचे व पेच फिरविण्याचे अवजार होते, कारण सैनिकास बंदूक खोलावी लागे आणि डब्यातील अन्न खावे लागे. पंपाचे पेच कसणाऱ्यास असा चाकू उपयोगी पडेल. कलम करणाऱ्यास तो नको. जितक्या फटी अधिक, तितकी माती व झाडांचा चीक साठण्यास जागा अधिक.

पोलादाविषयी थोडेसे सांगणे आवश्यक आहे. साधे पोलाद लवकर गंजते, पण दगडावर लवकर धरते व त्यास अतिशय बारीक धार येते. न गंजणारे, म्हणजे स्टेनलेस पोलाद क्रोमियमच्या मिश्रणाने बनते. ते कोकणातील पावसाळ्यात व खाण्याच्या कामास सोयीचे. परंतु त्यातील हलक्या प्रतीचे पाते धार धरीत नाही. कलमांसाठी साधे पोलाद आणि भाकरीच्या गाठोड्यासाठी स्टेनलेस, अशी वाटणी बहुतेकांस मानवते.

जुने चाकू

काही शेतकऱ्यांस चाकू जमविण्याची हौस असते. प्रत्येक जत्रेतून एक चाकू येतो आणि फडताळातील डब्यात पडतो. ही हौस निरुपद्रवी आहे. डोळसपणे केल्यास उपयुक्तही आहे. आठवड्याच्या बाजारात जुन्या लोखंडी सामानाच्या ढिगात कधी कधी वाडवडिलांच्या काळचे उत्तम पाते सापडते. त्याची पारख रंगावरून करू नये. साध्या पोलादाचे पाते वापराने करडे वा काळपट होते. तो गंज नव्हे. उलट त्या पातळ थराने पुढील गंजास थोडा अटकाव होतो. कागदाने घासून ते चकचकीत करण्याचे कारण नाही. तांबडा, भुसभुशीत आणि बोटास लागणारा तोच खरा गंज. पाठीकडे त्याचे बारीक खड्डे असल्यास चालतील; धारेच्या काठावर असल्यास घेऊ नये, कारण दगडावर घासताना प्रत्येक खड्डा धारेत खाच होऊन उघडा पडतो. वर्षानुवर्षे धार लावून अरुंद झालेले पाते पाहून नाक मुरडू नये. कोणीतरी त्यास इतक्या वेळा धार लावण्याच्या योग्यतेचे मानले, हीच त्याची शिफारस होय.

जमविलेले चाकू चामड्याच्या म्यानात घालून ठेवण्याची चाल आहे. ती चुकीची आहे. चामडे ओल धरते व कमावताना वापरलेले क्षार पात्यास खातात. पाते कोरडे करून तेलाचे बोट फिरवावे व कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवावे. खिळ्याच्या सांध्यात शिवणयंत्राचे तेल घालावे. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल काही दिवसांनी चिकट होऊन सांधा आखडतो. म्हणून ते सांध्यात घालू नये, खाण्याच्या चाकूच्या पात्यावर फक्त पुसटसे लावावे.

धार लावणे

बोथट चाकू हा धारेच्या चाकूपेक्षा अधिक धोक्याचा असतो. बोथट पात्यास जोर द्यावा लागतो, जोराने ते घसरते आणि घसरल्यावर हातात घुसते. म्हणून धार लावण्याची कला प्रत्येकाने स्वतः शिकावी. गावात येणारा शिकलगार विळ्या-कात्र्यांस उत्तम धार लावतो, तथापि पातळ पाते त्याच्या कोरड्या फिरत्या चाकावर देताना सावध असावे. ठिणग्या उडत असताना पात्याचा काठ क्षणात तापतो. तो प्रथम पिवळसर व नंतर निळा होतो. निळा डाग दिसला म्हणजे तेवढ्या भागाचे ‘पाणी’ उतरले, पोलाद मऊ पडले, असे समजावे. तो भाग झिजवून टाकल्याखेरीज तेथे धार टिकणार नाही. विजेच्या घासणयंत्रावर हे नुकसान त्याहूनही लवकर होते.

घरच्या घरी धार लावण्यास दोन दगड असावेत, एक खरखरीत व एक मऊ. बाजारात एकाच दगडाच्या दोन बाजू अशा मिळतात. दगड काही वेळ पाण्यात भिजवून ओल्या गोणपाटावर ठेवावा, म्हणजे तो सरकत नाही. पाते २ सेंटिमीटर रुंद असल्यास त्याची पाठ दगडापासून ५ ते ७ मिलिमीटर उंच धरावी. हा कोन शेवटपर्यंत बदलू न देणे हेच या कामातील सारे कौशल्य आहे. वेग किंवा जोर यांस महत्त्व नाही. बुंध्यापासून टोकापर्यंत पाते दगडावरून असे न्यावे की जणू दगडाचा पातळ पापुद्रा सोलावयाचा आहे. एका बाजूस घासता घासता दुसऱ्या बाजूच्या काठावर धातूची अत्यंत बारीक कड वळून येते. ती डोळ्यांस दिसत नाही. अंगठ्याचे पेर पाठीकडून धारेच्या दिशेने, धार ओलांडून बाहेर, हलके फिरविल्यास खरखर लागते. धारेच्या लांबीवर बोट कधीही फिरवू नये. कड संपूर्ण लांबीवर जाणवली म्हणजे ती बाजू झाली. मग पाते उलटावे. अनेकजण कड येण्यापूर्वीच बाजू बदलतात आणि तासभर घासूनही धार येत नाही म्हणून दगडास दोष देतात.

यानंतर मऊ दगडावर हलक्या हाताने प्रत्येक बाजूस आठ-दहा वेळा पाते फिरवावे. शेवटी न्हावी वस्तरा जसा चामड्याच्या पट्ट्यावर ओढतो, तसे पाठ पुढे व धार मागे ठेवून जुन्या कमरपट्ट्याच्या आतील बाजूवर ते ओढावे. राहिलेली कड त्याने निघून जाते. वर्तमानपत्राचा कागद एका हातात उभा धरून पाते वरून खाली चालवावे. तो न अडखळता व न फाटता कापला गेला तर धार रोजच्या कामास पुरेशी आहे. पिकलेल्या टोमॅटोच्या सालीत पाते केवळ स्वतःच्या भाराने शिरले, तर ते कलमासही योग्य झाले.

कलमाचा चाकू

कलमाच्या चाकूची धार बहुधा एकाच बाजूने उतरती असते, दुसरी बाजू सपाट असते. सपाट बाजू काडीस लागून चालल्याने काप सरळ येतो. अशा पात्याची सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून फक्त कड काढण्यापुरतीच फिरवावी. तिला उतार देऊ नये. डावखोऱ्या माणसास उलट बाजूचा उतार लागतो. ही गोष्ट न समजल्याने पुष्कळ डावखोरी मुले रोपवाटिकेत ‘हात वाकडा’ म्हणून बाजूस सारली जातात. दोष हाताचा नसून चाकूचा असतो.

धारेचे महत्त्व येथे इतके का? साल व लाकूड यांच्यामध्ये वाढणाऱ्या पेशींचा एक अतिशय पातळ थर असतो. खुंटाचा आणि काडीचा हा थर परस्परांस भिडला तरच कलम जुळते. कोकणात आंब्याच्या कोय कलमासाठी काडीच्या दोन्ही अंगांस पाचरीसारखा उतार द्यावा लागतो. बोथट पात्याने तो दोन-तीन कापांत दिला की पृष्ठभागावर पायऱ्या पडतात. त्यांत हवा राहते, काप सुकतो व काडी काळी पडते. एका ओढीत घेतलेला काप आरशासारखा सपाट असतो. विदर्भातील संत्र्याचे डोळे भरताना खुंटावर ‘टी’ आकाराची चीर देतात, ती केवळ सालीपुरती असावी. लाकडात पाते रुतले तर जोर अधिक झाला असे समजावे. साल उचलण्यासाठी डोळ्यांच्या चाकूस हाडाची, पितळेची किंवा प्लॅस्टिकची बोथट जीभ असते. ती नसल्यास काही कारागीर पात्याच्या टोकाने साल उचलतात व आतला कोवळा थर ओरबाडून बसतात. त्यापेक्षा बांबूची गुळगुळीत केलेली काडी वापरावी.

चाकूबरोबर फिरणारे रोग

लिंबूवर्गीय झाडांत एक्सोकॉर्टिस नावाचा रोग आहे. त्याचे कारण जीवाणू किंवा बुरशी नसून विषाणूहूनही सूक्ष्म असे ‘व्हायरॉइड’ आहे. रंगपूर लाइमच्या खुंटावर हा रोग झाल्यास खुंटाची साल तडकून सुटते व झाड खुजे राहते. जंबेरीच्या खुंटावर मात्र झाड वरून निरोगी दिसत राहते आणि रोग त्यात लपून असतो. अशा दिसावयास उत्तम झाडावरून डोळे काढले, आणि पुसलेल्या पण न धुतलेल्या त्याच पात्याने पुढील शंभर खुंटांवर चिरा दिल्या, तर रोपवाटिकेच्या मालकास काही कळण्यापूर्वी रोपे गावोगाव जाऊन पोहोचतात. लागण दिसू लागते ती काही वर्षांनी, शेतकऱ्याच्या बागेत. तोपर्यंत खड्डे, खते, पाणी आणि इतक्या वर्षांचे श्रम खर्ची पडलेले असतात.

पाते पेटत्या ज्योतीतून झटकन फिरविले किंवा स्पिरिटच्या बोळ्याने पुसले म्हणजे ते निर्जंतुक झाले, असा समज सर्वत्र आहे. जीवाणूंच्या बाबतीत स्पिरिटचा उपयोग होतो. व्हायरॉइड मात्र त्याने नष्ट होत नाही आणि क्षणभराच्या ज्योतीसही दाद देत नाही. त्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटचे सुमारे १ टक्का द्रावण वापरावे. कपडे शुभ्र करण्याच्या द्रवात हेच द्रव्य असते. बाटलीवर ४ ते ५ टक्के असे लिहिलेले असल्यास एक भाग द्रव व चार भाग पाणी असे मिसळावे. द्रावण रोज ताजे करावे, उन्हात ठेवू नये आणि त्यात आम्ल, फिनाइल वा स्पिरिट काहीही मिसळू नये. मातीचा व चिकाचा लेप पात्यावर असेल तर द्रावण खाली पोहोचत नाही, म्हणून पाते प्रथम पुसावे. दोन चाकू घेऊन काम करणे सोयीचे : एक हातात, दुसरा द्रावणात; झाड बदलले की चाकू बदलावा. हे द्रावण पोलादास खाते. यास्तव सायंकाळी दोन्ही पाती साध्या पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावल्याखेरीज घरी जाऊ नये.

डाळिंबावरील तेलकट डाग, ज्यास शेतकरी ‘तेल्या’ म्हणतात, हा जीवाणूंचा रोग पावसाच्या थेंबांनी व रोगट रोपांनी पसरतो, आणि छाटणीच्या हत्यारांनीही पसरतो. चाकू व कात्री दोन्ही झाडागणिक बुडवावीत, आणि रोगट झाडे शेवटी छाटावीत. उसात खोडव्याची वाढ खुंटविणारा एक रोग बेणे तोडणाऱ्या कोयत्यावरून एका टिपरीतून दुसरीत जातो. बेणेमळ्यात कोयता निर्जंतुक करण्याचा आग्रह धरावयाचा तो याच कारणाने.

तंबाखूविषयीही येथेच सांगितले पाहिजे. तंबाखूच्या मोझॅक रोगाचा विषाणू वाळलेल्या पानांतही दीर्घकाळ जिवंत राहतो, व टोमॅटो आणि मिरची या पिकांसही तो लागतो. तंबाखूचे पान ज्या चाकूने कापले त्यानेच टोमॅटोचे फुटवे काढले, किंवा चुना-तंबाखू मळलेल्या हातानेच रोपे लावली, तर रोग हातानेच पेरला जाण्याची भीती आहे. फडात वा रोपवाटिकेत शिरण्यापूर्वी हात व चाकू साबणाने चोळून धुवावेत आणि चंची बांधावर ठेवावी.

इजा, सर्पदंश आणि कायदा

कापताना पाते अंगाकडे ओढू नये. कलमाच्या कापात अंगठा जेथे पात्यासमोर येतो तेथे त्यास कापडाची किंवा रबराची टोपी घालावी. उघडा चाकू दुसऱ्याच्या हातात देऊ नये, मिटून द्यावा. जखम झाल्यास ती स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावी, रक्त थांबल्यावर साबणपाण्याने धुवावी व धनुर्वाताच्या लसीविषयी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात विचारावे. हळद, राख किंवा माती भरू नये.

सर्पदंशाची जागा चाकूने चिरून रक्त वाहू द्यावे असा सल्ला पूर्वीच्या प्रथमोपचाराच्या पुस्तकांत असे. तो आज पूर्णतः त्याज्य ठरला आहे. चिरल्याने विष बाहेर येत नाही. शिरा व स्नायू कापले जातात आणि काही सापांच्या विषाने रक्त गोठण्याची शक्ती गेलेली असल्यास ते रक्त थांबवता येत नाही. चाकू खिशातच राहू द्यावा. घट्ट दोरीही बांधू नये. दंश झालेला अवयव न हलविता माणसास धीर द्यावा व १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा मिळेल ते वाहन घेऊन, प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात त्वरित न्यावे. जनावराचे पोट फुगल्यास खिशातील चाकूने ते फोडण्याचे साहसही कोणी करू नये. त्यासाठी पशुवैद्यकाजवळ योग्य साधन असते.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमातील ‘शस्त्र’ या संज्ञेतून केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू वगळल्या आहेत. तथापि १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये जमावबंदीच्या व तत्सम आदेशांच्या काळात चाकू बाळगण्यास मनाई होऊ शकते. गावच्या चावडीवर किंवा वर्तमानपत्रात असा आदेश आला असता बाजारास जाताना चाकू घरी ठेवावा. विमानात प्रवासी बसतात तेथे चाकू नेता येत नाही.

प्रात्यक्षिकासाठी

ग्रामसेवक व कृषिकार्यकर्ते यांनी हा विषय भाषणाने न मांडता पारावर दगड घेऊन बसावे आणि प्रत्येकाने स्वतःचाच चाकू आणावा असे आधी सांगावे. उत्तम नवा चाकू दाखवून धार लावल्यास लोक पाहून घरी जातात. स्वतःच्या बोथट चाकूची कड अंगठ्यास लागली म्हणजे शिकतात. प्रथम खरखरीत दगडाची पाळी एकेकास द्यावी व कड आल्याशिवाय बाजू बदलू देऊ नये. कापांच्या सरावासाठी छाटणीतील पेरूच्या किंवा निंबाच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांद्या जमवून ठेवाव्यात, चालू बागेतील झाडांवर सराव करू नये. द्रावणाची बाटली, मोजपेला आणि एक फडके सोबत असावे, व शेवटी सर्वांचे चाकू तेथेच धुऊन, पुसून, तेल लावून परत द्यावेत.